घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर: नवी आवृत्ती घ्यायची की आहे तीच चालू ठेवायची?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच घरांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. हिशेबाचं सॉफ्टवेअर सहा-सात वर्षांपूर्वी बसवलेलं आहे, रोज चालतंय, तक्रार काही नाही. मग नवी आवृत्ती घ्यायची का?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हा प्रश्न जरा जास्त अवघड असतो, कारण इथली पुष्कळ घरं एकाच उत्पन्नावर चालत नाहीत. एकाच फाईलमध्ये भुसावळच्या रेल्वेतला पगार असतो, रावेर-यावलच्या केळीचं व्यापाऱ्याकडून येणं असतं, सालदाराची (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराची) उचल असते, भिशीची वर्गणी, पतसंस्थेतली ठेव, दोन-चार एसआयपी आणि सराफाकडून घेतलेलं सोनंही असतं. अशी आठ-दहा वर्षांची फाईल बिघडली तर सॉफ्टवेअर पुन्हा बसवून भागत नाही. यातल्या निम्म्या नोंदी बँकेच्या पासबुकात कुठेच नसतात. त्या पुन्हा कुठून आणणार?

म्हणून नवीन आवृत्तीत काय काय आलंय ही यादी मी शेवटी वाचतो. आधी दोन गोष्टी बघायच्या. फाईल नव्या आवृत्तीत गेल्यावर एकही आकडा हललेला नाही हे मला स्वतःला तपासता येतं का? आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर सगळा हिशेब बाहेर काढता येतो का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर नवी आवृत्ती घ्यायला घाबरू नये. एकाचंही नाही असेल, तर सोयी कितीही चांगल्या असोत, थांबावं.

फाईल कशात आहे ते आधी बघा

ग्नूकॅश या मोफत हिशेबाच्या सॉफ्टवेअरची फाईल नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्सएमएल, म्हणजे खुणांत बसवलेला मजकूर, असते; ती जीझिपने दाबून लहान केलेली असते. तिची प्रत घ्या, नावाच्या शेवटी डॉट जीझेड लावा आणि सेव्हन-झिप या दाबलेल्या फाईली उघडणाऱ्या साधनाने उघडा. खात्यांची नावं, तारखा, रकमा साध्या मजकुरात दिसतात. केमायमनीचंही तसंच. होमबँकची फाईल दाबलेलीही नसते, नोटपॅडमध्ये सरळ उघडते. मनी मॅनेजर ईएक्सची फाईल म्हणजे एसक्यूलाइटचा डेटाबेस. डीबी ब्राउझर नावाच्या मोफत साधनात तिचे तक्ते वाचता येतात. यांपैकी काही वापरत असाल तर उद्या तो प्रकल्प बंद पडला तरी हिशेब तुमच्या हातात राहतो.

मायक्रोसॉफ्ट मनीचं उलट. त्याची विक्री २००९ मध्ये थांबली आणि २०१० मध्ये 'सनसेट' नावाची शेवटची मोफत आवृत्ती आली, जिला नोंदणी लागत नाही पण ऑनलाइन सोयीही नाहीत. अजून काही घरांत ती चालते. तिची फाईल जेट या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या डेटाबेसची आहे, बाहेरून वाचणं सोपं नाही. बाहेर पडायची वाट म्हणजे एकेक खातं क्यूआयएफमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा फाईलमध्ये, एक्स्पोर्ट करणं, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर चालू अवस्थेत हवं. तुमचा हिशेब त्यात असेल तर संगणक बदलण्याआधी हे काम उरका. नव्या विंडोजवर ते उघडलं नाही तर नुसती फाईल घेऊन काही करता येत नाही.

फक्त कंपनीच्या सर्व्हरवर हिशेब ठेवणाऱ्या सेवांचा धोका आणखी मोठा. अमेरिकेतली मिंट ही सेवा मार्च २०२४ मध्ये बंद झाली. लाखो लोक वापरत असलेली गोष्टही बंद होऊ शकते, हे त्यातून घ्यायचं. दर तीन महिन्यांनी सगळे व्यवहार सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या तक्त्यात, उतरवून ठेवण्याची सोय जिथे नाही, तिथे हिशेब ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घ्यावीच लागते कधी, आणि कधी नाही

ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी लागणं हे खरं कारण. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा संगणक असेल तर एकतर नवा घ्या किंवा लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. ग्नूकॅश, केमायमनी, होमबँक लिनक्सवर चालतात, फाईल तीच उघडते. त्यामुळे जुना पीसी लिनक्सवर नेऊन हिशेब तसाच पुढे चालवणं हा चांगला मार्ग आहे, विशेषतः त्या पीसीवर दुसरं काही होत नसेल तर.

दुसरं खरं कारण म्हणजे हिशेब चुकवणारा दोष. नवीन आवृत्तीच्या टिपणात तुमच्या वापरातल्या एखाद्या गोष्टीची दुरुस्ती लिहिलेली असेल, तर घ्या.

म्युच्युअल फंडांचे भाव आपोआप येणं बंद झालं, हे मात्र बहुतेक वेळा खरं कारण नसतं. ग्नूकॅश भाव स्वतः आणत नाही. पर्ल भाषेतलं फायनान्स-कोट नावाचं वेगळं साधन ते काम करतं, आणि भारतीय फंडांसाठी ते ॲम्फीने, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेने, रोज प्रसिद्ध केलेली एनएव्हीची (एका युनिटच्या भावाची) फाईल वाचतं. मूळ संकेतस्थळावर रचना बदलली की भाव थांबतात. अशा वेळी बहुधा फायनान्स-कोट तेवढं अद्ययावत केलं की काम होतं. विंडोजवर त्यासाठी ही भाषा चालवणारं स्ट्रॉबेरी पर्ल बसवलेलं असावं लागतं.

कराचा अहवाल मिळेल म्हणूनही नवी आवृत्ती घेऊ नये. २३ जुलै २०२४ पासून शेअर आणि इक्विटी फंडांवरचा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर १२.५ टक्के झाला, वर्षाला १.२५ लाखांपर्यंत सूट. अल्पकालीन २० टक्के. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या युनिटांना त्या दिवशीचा भाव धरायची वेगळी सवलत आहे. परदेशी बनावटीचं कोणतंही घरगुती सॉफ्टवेअर हे गणित करून देत नाही. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा, की प्रत्येक खरेदीची तारीख, युनिट आणि किंमत ते नीट सांभाळेल. पुढचं गणित तुमच्या सीएंचं.

शेतीच्या उत्पन्नाचंही तसंच. ते करमुक्त आहे, पण ५,००० रुपयांच्या वर गेलं आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असलं, तर कराचा दर काढताना ते मोजलं जातं. त्याला सॉफ्टवेअरची खास सोय लागत नाही. उत्पन्नात 'शेती' आणि खर्चात 'शेती' अशी दोन वरची खाती केली आणि खत, मजुरी, ठिबक, विजेचं बिल त्यांच्या पोटात घातलं की झालं.

ग्नूकॅशमध्ये आवृत्ती बदलताना

आपल्याकडे घरच्या हिशेबासाठी मोफत आणि दुहेरी नोंदीचं (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिणारं) काही हवं असेल तर मी ग्नूकॅश सुचवतो, म्हणून त्याचंच सविस्तर सांगतो. बाकीच्यांना क्रम हाच लागू पडतो.

मोठ्या आवृत्त्या अशा आल्या: २.६ डिसेंबर २०१३ मध्ये, ३ एप्रिल २०१८ मध्ये, ४ जून २०२० मध्ये, ५ मार्च २०२३ मध्ये. मदत मेनूतल्या 'अबाउट'मध्ये तुमची कोणती ते कळतं. २.६ वरून एकदम ५ वर उडी मारू नका. प्रत्येक मालिकेतली शेवटची आवृत्ती बसवायची, फाईल उघडायची, सेव्ह करायची, मग पुढची. प्रत्येक मालिका मुख्यतः आपल्या आधीच्या मालिकेची फाईल वाचण्यासाठी तपासलेली असते. मधल्या पायऱ्या गाळल्या तर फाईल उघडेलही, पण कुठे काय सुटलं ते शोधणं कठीण जातं.

काम जुन्या आवृत्तीत सुरू होतं. ॲक्शन्स मेनूतलं 'चेक अँड रिपेअर' सगळ्या खात्यांवर चालवा. त्यानंतर खात्यांच्या यादीत 'इम्बॅलन्स-आयएनआर' आणि 'ऑर्फन-आयएनआर' ही खाती दिसतात का बघा. व्यवहाराच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की उरलेली रक्कम पहिल्यात पडते. खातं पुसलं गेल्यामुळे पोरक्या झालेल्या नोंदी दुसऱ्यात. दोन्ही शून्यावर आणा. हा कचरा नव्या आवृत्तीत नेला तर पुढे दिसणारा फरक जुना की नवा, ते ओळखता येत नाही.

मग अहवाल काढा. गेल्या ३१ मार्चची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी ('ट्रायल बॅलन्स'), त्याच दिवसाचा ताळेबंद, आणि गुंतवणुकीचा 'ॲडव्हान्स्ड पोर्टफोलिओ'. हीच तीन पत्रकं आजच्या तारखेचीही काढा. पीडीएफ करून ठेवा, आणि तेरीज कागदावर छापाच. तपासताना पेन घेऊन खूण करत जाणं पडद्यावर बघण्यापेक्षा खात्रीचं.

प्रती घेताना नुसती हिशेबाची फाईल पुरत नाही. तुम्ही जपून ठेवलेले अहवाल वेगळ्या ठिकाणी असतात. आवृत्ती ३ पासून विंडोजवर ते वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, रोमिंगच्या आत, ग्नूकॅश या नावाखाली राहतात. त्याआधी ते डॉट-ग्नूकॅश नावाच्या फोल्डरमध्ये असत. तोही फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. प्राधान्यक्रम, म्हणजे तारखेची पद्धत वगैरे, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या आतल्या साठ्यात, असतात; ते स्क्रीनचे फोटो काढून ठेवले तरी चालतात. शिवाय ग्नूकॅश स्वतः जपून ठेवतं त्या जुन्या प्रती नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० दिवसांनी पुसल्या जातात, हे लक्षात असू द्या. त्यांच्यावर विसंबू नका.

जुन्या आवृत्तीची बसवायची फाईलही त्याच पेनड्राइव्हवर हवी. विंडोजवर दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सरळ सोय नाही, म्हणून चाचणी शक्यतो दुसऱ्या संगणकावर, मुलाच्या लॅपटॉपवर वगैरे, करावी. प्रतीचं नाव 'चाचणी' असं बदला म्हणजे चुकून मूळ फाईल उघडली जाणार नाही.

नव्यात सेव्ह झालेली फाईल जुन्यात उघडेलच असं नसतं. फाईलमध्ये कोणत्या नव्या सोयी वापरल्या गेल्यात याची नोंद ग्नूकॅश फाईलमध्येच ठेवतं. जुन्या आवृत्तीला त्यातली एखादी सोय ओळखता आली नाही तर ती फाईल उघडायचं नाकारते आणि नवी आवृत्ती वापरा असं सांगते. बँकेचे व्यवहार आयात करताना कोणता व्यवहार कोणत्या खात्यात टाकायचा हे सॉफ्टवेअर तुमच्या सवयीवरून शिकतं. ती शिकवण साठवायची पद्धत २.६ मालिकेतच बदलली, आणि तशी फाईल २.६.१२ च्या आधीच्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून परतीचा रस्ता म्हणजे सेव्ह करण्यापूर्वीची प्रत, दुसरा नाही.

आता तपासणी. नव्या आवृत्तीत तीच तीन पत्रकं, त्याच तारखांची काढा. तेरजेतलं प्रत्येक खातं पैशापर्यंत जुळलं पाहिजे. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका. एका खात्यातून दुसऱ्यात गेलेली रक्कम एकूण बेरजेत दिसत नाही. त्यानंतर युनिट बघा. फंडांची युनिट तीन दशांशांपर्यंत असतात आणि एनएव्ही चार. उदाहरण घ्या: ५,००० रुपयांची एसआयपी, ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २५ पैसे वजा, उरले ४,९९९.७५, एनएव्ही ४७.३१६२. युनिट येतात १०५.६६७. फंडाच्या नोंदीतला 'फ्रॅक्शन' (युनिटचा लहानात लहान भाग) शंभरांशावर असेल तर ती १०५.६७ होतात. दर महिन्याचा हा इवलासा फरक दहा वर्षांत साठतो आणि फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स-केफिनटेकच्या एकत्रित विवरणाशी शिल्लक जुळत नाही. फ्रॅक्शन हजारांश ठेवा.

सोन्याचंही असंच. नोंद तोळ्यात आणि शंभरांशात असेल, तर दहा ग्रॅमच्या तोळ्याला ०.०१ म्हणजे १०० मिलिग्रॅम. त्याखालचं वजन नोंदताच येत नाही. ग्रॅममध्ये आणि तीन दशांशांनी ठेवलं तर पावतीशी तंतोतंत जुळतं. जुन्या काळचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता, त्यामुळे आजीच्या दागिन्यांच्या जुन्या नोंदी बदलताना कोणता तोळा ते आधी बघा.

ठरावीक तारखेचे व्यवहार, म्हणजे हप्ते आणि एसआयपी, यांची एक वेगळी अडचण आहे. फाईल उघडली की 'सिन्स लास्ट रन'ची खिडकी येते आणि मधल्या काळातल्या नोंदी तयार करते. चाचणीच्या प्रतीत त्या झाल्या आणि मूळ फाईलमध्येही झाल्या, तर कोणती प्रत खरी यात गोंधळ होतो. चाचणी संपेपर्यंत नव्या नोंदी फक्त मूळ फाईलमध्ये करायच्या. चाचणीची प्रत नंतर पुसून टाका आणि ठरलेल्या दिवशी ताजी प्रत नव्या आवृत्तीत उघडा.

भारनियमनाबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. एक्सएमएल फाईल तुम्ही सेव्ह कराल तेव्हाच लिहिली जाते, शिवाय आपोआप जतन नेहमीच्या सेटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी होतं. एसक्यूलाइटमध्ये ठेवलेली फाईल प्रत्येक नोंदीबरोबर लगेच लिहिली जाते. लाईट सारखी जात असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर एसक्यूलाइट बरं. एक्सएमएल वापरतानाच लाईट गेली तर घाबरू नका. फाईलशेजारी डॉट लॉगची फाईल असते, फाईल मेनूतल्या इम्पोर्टमध्ये ती पुन्हा चालवायची सोय आहे, तिथून गेलेल्या नोंदी परत येतात. नंतर फाईल उघडताना ती दुसरीकडे उघडी आहे असं सांगितलं जातं, ते राहून गेलेल्या एलसीके (कुलुपाच्या) फाईलमुळे. घरात दुसऱ्या कुणी उघडलेली नाही ना हे बघून पुढे जा. आवृत्ती बदलण्याचं काम मात्र लाईटचा भरवसा असेल तेव्हाच करा.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना

आवृत्ती बदलण्यापेक्षा हे कितीतरी कठीण, आणि बहुतेक नुकसान इथेच होतं.

क्यूआयएफ हा जुना, सगळीकडे चालणारा प्रकार. त्यात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली रक्कम चौकटी कंसातल्या खात्याच्या नावाने ओळखली जाते. कंस गळले किंवा नावात फरक पडला, की ती रक्कम खर्चाचा प्रकार समजून टाकली जाते. आपल्याकडच्या नोंदींना याचा फटका जास्त बसतो. भिशी घ्या. बारा जणांची, महिन्याला ५,००० ची. चौथ्या महिन्यात तुमचा नंबर लागला, तोवर तुमचे २०,००० गेलेले, हातात आले ६०,०००. म्हणजे आता ४०,००० देणं. हे खातं सुरुवातीला येणं असतं आणि नंबर लागल्यावर देणं होतं. क्यूआयएफमधून जाताना भिशी खर्चात पडली, तर पहिल्या तीन महिन्यांत मिळून १५,००० चा खर्च दिसतो आणि मग एकदम ६०,००० चं उत्पन्न. सालदाराची उचल तशीच. ती मजुरी नव्हे, मजुरीतून वळती व्हायची रक्कम आहे. आयात झाल्यावर आधी ही खाती तपासा, पगाराचं खातं नंतर.

केळीच्या व्यापाऱ्याकडचं येणं ग्नूकॅशमध्ये 'अकाउंट्स रिसिव्हेबल' प्रकारात टाकू नका. तो प्रकार बिलं बनवणाऱ्या धंद्यासाठी आहे आणि त्याला सॉफ्टवेअरमध्येच तयार केलेलं बिल लागतं. साधं 'असेट' खातं व्यापाऱ्याच्या नावाने उघडा. कापणीच्या दिवशी वजनपावतीची रक्कम तिथे येणं म्हणून टाका, पैसे आले की वळवा. रक्कम दोन-तीन टप्प्यांत येते तेव्हा हे फार सोपं पडतं.

क्यूआयएफमध्ये व्यवहाराला स्वतःचा क्रमांक नसतो, म्हणून तीच फाईल दोनदा आयात झाली तर नोंदी दुप्पट होऊ शकतात. ओएफएक्स या दुसऱ्या फाईल-प्रकारात प्रत्येक व्यवहाराला बँकेचा वेगळा क्रमांक असतो, तिथे हे आपोआप टळतं. पण आपल्या बहुतेक बँका देतात ते सीएसव्ही, एक्सेल किंवा पासवर्डवालं पीडीएफ. एक्सेल म्हणून उतरवलेली फाईल पुष्कळदा आतून साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडून बघितली की कळतं. वर पत्ता, शाखा, कालावधी असा पंधरा-वीस ओळींचा मजकूर असतो, तेवढ्या ओळी गाळायला सांगाव्या लागतात.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करणं टाळा. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी असतो, आणि एक्सेल बारा किंवा जास्त आकड्यांची संख्या घातांकाच्या रूपात दाखवतं. सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की दिसतं तेच लिहिलं जातं आणि मागचे आकडे कायमचे जातात. तारखांचंही तेच: ०५-०४-२०२५ ही पाच एप्रिल की चार मे, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. तेरा आणि त्यापुढच्या तारखा नीट आल्या म्हणून सगळं नीट आलं असं समजू नका. पहिल्या बारा तारखा उलटलेल्या असू शकतात. विंडोजमध्ये प्रदेश 'भारत' ठेवा, मग रकमांचे स्वल्पविरामही लाख-कोटींच्या जागी पडतात.

तारखेची आणखी एक खोच जुन्या ग्नूकॅश फाईलींत आहे. पूर्वी व्यवहाराची तारीख स्थानिक मध्यरात्रीच्या वेळेसह ठेवली जाई. भारतातली मध्यरात्र म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेसहा. दुसऱ्या एखाद्या साधनाने ती फाईल सरळ वाचली की सगळ्या तारखा एक दिवस मागे जातात, आणि १ एप्रिलची नोंद ३१ मार्चची होऊन आदल्या आर्थिक वर्षात शिरते. नंतरच्या आवृत्त्या सकाळी १०:५९ यूटीसी ही वेळ धरतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. म्हणून बाहेर पडायचं असलं तरी आधी नव्या आवृत्तीत जाऊन, फाईल तिथे तपासून, मग एक्स्पोर्ट करा.

खात्यांची नावं मराठीत असतील तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा पद्धतीत, आहेत का बघा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काही घरांनी शिवाजी, कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं; नव्यात ते निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखं दिसतं. फॉन्ट बसवून पुढे ढकलू नका. वीस-तीस नावंच असतात, हाताने पुन्हा लिहा. तपशिलाच्या रकान्यातला मजकूर मात्र रूपांतर करणाऱ्या साधनातून काढावा लागतो. सीएसव्हीत नेताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

सगळा इतिहास न नेता १ एप्रिलच्या आरंभीच्या शिलकीने नवीन फाईल सुरू करणं हा एक शहाणपणाचा पर्याय आहे, विशेषतः जुनी फाईल गचाळ झाली असेल तर. त्यात एकच अट. शेअर, फंड आणि सोनं यांची एकरकमी शिल्लक टाकायची नाही. प्रत्येक खरेदी तिच्या मूळ तारखेने आणि किमतीने स्वतंत्र टाकायची. विकायच्या वेळी तेच लागतं. जुनी फाईल 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवा.

मोबाइल ॲप आणि वार्षिक वर्गणी

एसएमएस वाचून खर्च नोंदणाऱ्या ॲपची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती घ्यावी का? पगारी आणि सगळं यूपीआयवर असलेल्या माणसाला ती उपयोगी पडते. ज्या घरात मजुरी रोख जाते आणि निम्मा व्यवहार उधारीवर असतो, तिथे ॲपला अर्धंच घर दिसतं. अकाउंट ॲग्रिगेटरची (तुमच्या संमतीने बँकांकडची माहिती आणून देणारी) व्यवस्था, जी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, त्याहून चांगली आहे: कोणती माहिती, कशासाठी, किती काळ हे तुमच्या संमतीत लिहिलेलं असतं आणि संमती परत घेता येते. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, त्या यात नाहीत. तुमच्या ठेवी पतसंस्थेत असतील तर तेवढा भाग हाताने भरणं आलंच.

वर्गणीचा हिशेब पाच वर्षांचा करा. वर्षाला २,४०० ची वर्गणी १८ टक्के जीएसटी धरून २,८३२ होते, पाच वर्षांचे १४,१६०. परदेशी कंपनीची असेल तर कार्डावरचा विनिमय आकार वेगळा. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचा संमतीचा नियम आहे आणि तो न पाळणाऱ्या परदेशी कंपन्यांचे हप्ते नाकारले जातात. त्यामुळे घेण्याआधी विचारा: वर्गणी थांबली तर जुना हिशेब वाचता येतो का, आणि एक्स्पोर्ट चालतो का? याचं लेखी उत्तर मिळत नसेल तर पैसे देऊ नका.

दुकान असलेली घरं टॅलीतच घरचाही हिशेब ठेवतात. हरकत नाही, पण घराची वेगळी 'कंपनी', म्हणजे टॅलीतलं वेगळं खातेपुस्तक, उघडा. कायमचा परवाना नूतनीकरणाशिवाय चालू राहतो, नव्या आवृत्त्या मात्र टीएसएस, म्हणजे टॅलीची नूतनीकरणाची वर्गणी, चालू असेल तरच मिळतात. घरच्या हिशेबापुरतं बघितलं तर फक्त त्यासाठी टीएसएस भरण्याचं कारण नाही. दुकानाच्या जीएसटीसाठी भरत असाल तर घराची कंपनीही त्याच दिवशी, आधी बॅकअप घेऊन, पुढे न्या.

कधी करायचं

मार्चमध्ये नको. शेवटच्या आठवड्यात व्याज, पीककर्जाची परतफेड, विम्याचे हप्ते, सगळं एकदम येतं. जूननंतरही नको, कारण तेव्हा विवरणपत्राची जुळवाजुळव सुरू असते. एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेअखेर हा काळ सगळ्यात बरा. ३१ मार्चची शिल्लक पासबुकाशी जुळवलेली असते, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदारांचे हिशेब मिटवून नवं साल ठरतं, त्यामुळे उचलीची खातीही एकदा शून्यावर किंवा ठरलेल्या बाकीवर येतात. तपासायला इतक्या स्वच्छ शिलका वर्षात पुन्हा मिळत नाहीत.

नव्या आवृत्तीत काम सुरू केल्यावर निदान एक बँक विवरण पूर्ण जुळवून होईपर्यंत जुनी प्रत, जुन्या आवृत्तीची बसवायची फाईल आणि छापलेली तेरीज एकाच पाकिटात ठेवा. पाकिटावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि पाकीट संगणकाच्या टेबलावर न ठेवता कपाटात ठेवा.